गोधडी शिकताना चुकलं तर: उसवायचं कधी, सोडून द्यायचं कधी

गोधडी शिकायला घेतलेली माणसं बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर थांबतात. तुकडे कापून झालेले असतात, निम्मे जोडूनही झालेले असतात आणि मग रांगेला रांग जुळत नाही. उसवून पुन्हा शिवलं तरी कोपरा सरकलेलाच. शेवटी सगळं एका पिशवीत जातं, पिशवी माळ्यावर जाते आणि "आपल्या हाताला शिवण नाही" असा निकाल लागतो. ठाण्यात नव्याने शिकणाऱ्यांबरोबर बसताना हा निकाल मी अनेकींच्या तोंडून ऐकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण दोष हाताचा फार क्वचित असतो.

पोळी करपली तर ती तव्यावर असतानाच कळतं. गोधडीत रविवारी कापताना झालेली चूक पुढच्या शनिवारी रांगा जोडताना समोर येते. आपण त्या शनिवारच्या शिवणीला दोष देतो, तीच तीच शिवण उसवतो, आणि मूळ कारण कापणीतच राहतं. चिडचिडीचं खरं मूळ हे आहे. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे: कोणत्या कामात कोणती चूक होते, ती पुढे कुठे दिसते, आणि तिथपर्यंत जाऊ न देता ती आधीच कशी पकडायची.

पहिलं काम लहान घ्या

पहिलीच गोधडी पलंगाएवढी करायचा मोह होतो. तो आवरा. डबल बेडची गोधडी साधारण ९० बाय १०० इंच. ती सपाट अंथरायला तेवढी मोकळी जमीन लागते, आणि वन-बीएचकेमध्ये त्यासाठी दिवाण सरकवावा लागतो, टीपॉय उचलावा लागतो, घरच्यांना कडेकडेने जावं लागतं. रोज उलगडायचं, रोज गुंडाळायचं, यातच उत्साह संपतो.

५ इंचांचे नऊ चौकोन कापा, तीन-तीनच्या तीन रांगा करा. सगळीकडे पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राहणारी कापडाची कड, धरली तर जोडून झाल्यावर १४ इंचांचा चौरस यायला हवा. टीपॉयवर घालायला किंवा लहान उशीच्या अभ्र्याला तो पुरतो. १४ हा आकडा तुमची पहिली परीक्षाही आहे. साडेतेरा भरला तर अर्धा इंच कुठे गेला हे शोधायला फक्त नऊ तुकडे तपासायचे असतात. हेच मोठ्या गोधडीत शोधायला गेलात तर संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. हा चौरस मनासारखा आला की आठ-आठच्या आठ रांगा, म्हणजे ६४ चौकोन, म्हणजे साडेछत्तीस इंचांचं बाळाचं दुपटं. पलंग त्यानंतर.

कापड: निम्म्या चुका इथेच जन्मतात

कापड आपल्या घरात कमी नसतं. हळदीकुंकवाला, ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात साठलेले असतात आणि गोधडीचा विचार आला की हात आधी तिकडे जातो. त्यातले बरेचसे सुती दिसतात, पण असतात मिश्र धाग्याचे. सुतीला कडक इस्त्री लागते. त्याच उष्णतेला पॉलिस्टर आकसतं आणि चकाकायला लागतं. दोन्ही शेजारी जोडले की शिवण ओढली जाते, चौरस मध्ये फुगतो आणि आपल्याला वाटतं शिवताच येत नाही. ओळखायची पद्धत सोपी आहे. कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा, बेसिनवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला टणक मणी तयार होतो. हे ब्लाउजपीस वाया जात नाहीत, त्यांच्या पिशव्या छान होतात. पहिल्या गोधडीत मात्र ते नकोत.

विकत घ्यायचं असेल तर ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मीटरवर कापड मिळतं. पॉपलिन किंवा केंब्रिक मागा, चार-पाच रंग अर्धा-अर्धा मीटर घ्या. नवी मुंबईत आसपासच्या शिंप्यांना विचारून ठेवा. ब्लाउज आणि कुर्त्यांच्या चिंध्या त्यांच्याकडे साठतात. चिंध्यांमध्येही पातळ आणि जाड एकत्र करू नका. मलमलशेजारी जाड खादी जोडली की मलमल सुरकुततेच, ते कितीही निगुतीने शिवा.

जुन्या सुती साड्या घेणार असाल तर प्रत्येक साडी खिडकीसमोर धरून बघा. बसण्याच्या जागी ती विरलेली असते, तिथून उजेड आरपार येतो. तो भाग वरच्या जोडकामात घेतला तर दोन-चार धुण्यांत फाटेल आणि तुम्हाला टाक्यांची चूक वाटेल. विरलेला भाग आतल्या थरात जाऊ द्या, काठ आणि पदराकडचं कापड वर घ्या.

कापायच्या आधी सगळं धुऊन घ्या. गडद लाल, निळ्या, काळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग उतरला तर पुन्हा धुवा. दोन-तीन धुण्यांनंतरही उतरतच असेल तर ते कापड बाजूला ठेवा, कितीही आवडतं असलं तरी. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. त्यावर विसंबून पूर्ण गोधडी पणाला लावू नका. सगळं शिवून झाल्यावर पांढऱ्या चौकोनात लाल रंग पसरलेला बघणं फार जिव्हारी लागतं, आणि तिथून मागे फिरणं जवळजवळ अशक्य असतं.

कापणं

कापडाला तीन स्वभाव असतात. उभ्या धाग्यात ते जवळजवळ ताणलं जात नाही, आडव्यात थोडं ताणतं आणि उरेब, म्हणजे तिरकं, धरलं की रबरासारखं लांबतं. चौकोन तिरका कापला गेला तर त्याच्या कडा उरेब होतात. कापताना तो अगदी चौकोनी दिसतो. शिवून इस्त्री केली की पतंगासारखा होतो. म्हणून कापण्याआधी किनार बघून उभा धागा ठरवा आणि चौकोनाची एक बाजू त्याला समांतर ठेवा. चिंधीला किनार नसेल तर दोन्ही हातांनी ओढून बघा, जिकडे कमी ताणेल तो उभा धागा. कापड लुळं असेल तर तांदळाची किंवा साबुदाण्याची पातळ खळ लावून, वाळवून, इस्त्री करून मग कापा. खळ घातलेलं कापड नवख्या हाताला फार साथ देतं.

गोल पात्याचं रोटरी कटर, मॅट आणि पारदर्शक पट्टी हे सामान महाग असतं आणि पहिल्या दिवशी त्याची गरज नसते. ते कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली बाजारात आणलं; त्याआधीच्या सगळ्या गोधड्या कात्रीनेच कापलेल्या आहेत. कात्रीने कापायचं तर साचा लागतो, आणि गडबड इथेच होते. पुठ्ठ्याचा साचा दर वेळी पेन्सिल फिरली की कडेने झिजतो. पहिला चौकोन ५ इंचांचा, चाळिसावा त्याहून जरासा वेगळा, कोपरे गोलसर. जुन्या एक्स-रे फिल्मचा किंवा जाड प्लास्टिक फाइलचा साचा करा, तो झिजत नाही. मापायला शिंप्याचा टेप नको, स्टीलची पट्टी घ्या. कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो.

तपासणी: कापून झालेले सगळे चौकोन एकावर एक रचा आणि चारही कोपरे बोटाने चाचपा. बाहेर आलेला किंवा आत गेलेला तुकडा लगेच हाताला लागतो. बाहेर आलेला छाटा, आत गेलेला काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि मला विचाराल तर या लेखातलं सर्वांत मोलाचं हेच.

दोन सूत

पाव इंच म्हणजे शिंप्याच्या भाषेत दोन सूत. एवढीच माया गोधडीत धरतात आणि ती सगळीकडे सारखी असावी लागते. अर्ध्या सुताने काय बिघडतं, असं वाटतं. हिशोब बघा. माया अर्धं सूत जास्त गेली तर ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे एका शिवणीमागे एक सूत कमी. आठ शिवणींत एक इंच गेला. एका रांगेत तुम्ही माया कमी धरलीत आणि दुसरीत जास्त, तर दोन रांगांत इंचभर फरक पडू शकतो, आणि मग कोपरे कितीही टाचण्या लावून जुळणार नाहीत. ज्या कोपऱ्याला तुम्ही तासभर उसवत बसता, त्याचा त्यात काही दोष नसतो.

यासाठी शिवायला बसण्याआधी एक चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या, एकमेकींना जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे आणि एकूण रुंदी साडेतीन इंच. मधली कमी भरली तर माया जास्त जाते आहे. सुईपासून अंतर मोजून मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवूनच चालवा. माया एका बाजूला वळवताना कापडाची घडी धागाभर जागा खाते, म्हणून चिकटपट्टी पाव इंचाच्या किंचित आत लावली तर माप नेमकं येतं. नजर सुईवर ठेवू नका, पट्टीवर ठेवा.

कोपरे जुळण्यासाठी आणखी एक युक्ती आहे, ती शिकल्यावर बहुतेकींचा चेहरा खुलतो. पहिल्या रांगेच्या सगळ्या माया डावीकडे इस्त्री करा, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. रांगा समोरासमोर ठेवल्या की शिवणी एकमेकींत अडकून बसतात. बोटाने चोळून पाहिलं की खाच लागते. तिथे आधी टाचणी लावा, मग मधलं कापड सारखं वाटून घ्या. इस्त्री करताना ती फिरवू नका, ठेवा आणि उचला. घासून केलेली इस्त्री चांगल्या चौकोनाचा आकार बिघडवते.

मशीनने दगा दिला तर

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाकडे, बघतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही, वर सैल सुटतो आणि खाली गोळा होतो. पाय वर करा, दोरा पूर्ण काढा, रिळापासून पुन्हा ओवा. टीप सुटत असेल तर सुई बदला. सात-आठ तासांच्या शिवणीनंतर सुई बोथट होतेच. जोडकामाला ११ किंवा १२ नंबर, तिन्ही थर (वरचं जोडकाम, मधलं भरण, खालचं अस्तर) शिवायला १४ नंबर ठीक. मग बॉबिनखालचा कापूस ब्रशने झाडा. दोरा हाताने ओढून बघा, पटकन तुटला तर जुना आहे. हे सगळं झाल्यावरच ताणाच्या चकरीला हात लावा. नवखी माणसं चकरीपासून सुरू करतात आणि मग काय फिरवलं, किती फिरवलं हे कोणालाच सांगता येत नाही.

उसवायचं की सोडायचं

इथे प्रत्येक जण अडतो, म्हणून जरा थांबून सांगते. काही जण प्रत्येक वाकडा टाका उसवतात आणि पुढे सरकतच नाहीत. काही "चालतंय" म्हणत निघतात आणि पहिल्या धुण्यात गोधडी उघडते. दोन्ही टाळायचं असेल तर आपल्या मनाला एकच प्रश्न विचारा: ही शिवण धुण्यात टिकेल का?

माया एक सुतापेक्षा कमी राहिली असेल तर टिकणार नाही, उसवा. खालच्या तुकड्याची कड शिवणीत आलीच नसेल, भोक राहिलं असेल तर उसवा. शिवणीत चुणी पकडली गेली असेल आणि ती टणक लागत असेल तर तेवढाच भाग उसवा, पूर्ण रांग नको. एखादा तुकडा उलटा लागला आणि तुमची नजर दर वेळी तिथेच जात असेल, तर तोही बदला, कारण पुढचे सगळे दिवस तो तुम्हाला टोचत राहील.

कोपरा एक सूत इकडेतिकडे झाला असेल, हाताचे टाके लहानमोठे पडले असतील, ओळ किंचित लहरत असेल, तर सोडून द्या. खात्री नसेल तर काम पलंगावर पसरा, खोलीच्या दारात जाऊन उभे राहा आणि बघा. चूक तिथून शोधावी लागत असेल तर ती चूक धरू नका. गोधडी वापरताना कोणी तिच्यापासून वीतभर अंतरावर डोळे नेऊन मोजत नाही.

रंगांची मांडणी चुकली हे शिवून झाल्यावर कळू नये यासाठी शिवण्याआधी सगळे चौकोन जमिनीवर मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सगळं एकसारखं करडं दिसलं तर गडद-फिक्याचा फरक कमी पडतो आहे. चार तुकडे हलवले की काम भागतं.

उसवायची पद्धतही शिकावी लागते. शिवण दोन्ही हातांनी टरकावू नका. त्यात उरेब बाजू ताणली जाते आणि तुकडा कायमचा बिघडतो. रिपरने, म्हणजे टाके कापायच्या छोट्या हत्याराने, एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापा, कापड उलटा, दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, तो सरळ निघून येतो. दोऱ्याचे तुकडे झटका. तुकडा इस्त्री करा, गरज वाटली तर खळ लावा, माप पुन्हा घ्या.

आणि एक नियम पाळा: तीच शिवण दोनदा उसवली की तिसऱ्यांदा लगेच शिवायची नाही. कड विसविशीत झालेली असते, माया कमी होत जाते आणि आपला हातही तोपर्यंत घट्ट झालेला असतो. दोनदा चुकलं म्हणजे चूक आधीच्या टप्प्यात आहे. तुकडा मोजा. मोजूनही कळलं नाही तर त्या जागी नवा तुकडा कापा. नवा तुकडा कापायला दहा मिनिटं लागतात.

संताप आला त्या क्षणी

ऑफिसहून लोकलमधून उभ्याने घरी आलेल्या माणसाने रात्री साडेदहाला कापायला बसू नये. थकलेल्या डोळ्यांना एक सूत दिसत नाही, आणि कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. कापणं, रांगा जोडणं, थर लावणं ही कामं सुट्टीच्या सकाळी उजेडात करा. रात्रीसाठी सोपी कामं राखून ठेवा: टाचण्या लावणं, दोरे छाटणं, बॉबिन भरणं, उसवणं. उसवणं हे रात्रीचंच काम आहे, त्यात घाई नसते आणि डोकं शांत होतं.

उठताना एक चिठ्ठी लिहून कामावर टाचून ठेवा: "तिसरी रांग झाली, माया उजवीकडे, पुढची निळ्यापासून." आठवड्याने परत बसलात की पहिला अर्धा तास आठवण्यात जात नाही. काम मध्येच सुटतं ते बहुधा या अर्ध्या तासाच्या कंटाळ्यामुळे.

सुई बोटात घुसून कापडावर रक्ताचा डाग पडला तर लगेच गार पाण्याने धुवा. गरम पाणी लावलंत तर डाग पक्का होतो. अंगुस्ताना पहिल्या दिवशी अडचणीचा वाटतो, तरी घालत राहा. बोट दुखायला लागलं की टाके बिघडतात आणि मग मनही.

थर लावणं आणि मागच्या चुण्या

वर सगळं सुंदर, उलटून बघावं तर अस्तर गोळा झालेलं. गोधडीतला सगळ्यात निराश करणारा क्षण हाच. चुण्या टाके घालताना दिसल्या तरी त्या पडतात आधी, थर लावताना. अस्तर चारही बाजूंनी वरच्या जोडकामापेक्षा तीन-चार इंच मोठं घ्या. जमिनीवर उलटं अंथरून कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. ते सपाट हवं, ओढून ताणलेलं नको, नाहीतर सोडल्यावर आकसून चुण्या पाडतं. फरशीच्या सांध्यांचा इथे फार उपयोग होतो: अस्तराची आणि जोडकामाची कड एकाच सांध्याशी जुळवली की दोन्ही काटकोनात राहतात. वर भरण, त्यावर जोडकाम. मधून बाहेर हात फिरवत सपाट करा आणि मधूनच बाहेर, मूठभर अंतरावर, कच्चे टाके किंवा सेफ्टी पिना लावत जा. मग चिकटपट्टी काढून गोधडी उलटून बघा. सुरकुती असेल तर या क्षणी दोन पिना काढून ती जाते. पुढे शंभर टाके काढावे लागतील.

भरणाबद्दल माझं ठाम मत आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेला जाड पॉलिस्टरचं भरण नको. घाम येतो, आणि नवख्या हाताला त्यातून सुई काढणं जड जातं. आपल्याकडच्या गोधडीसारखे जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे दोन-तीन थर पुरतात. सुई सहज जाते, टाके सारखे पडतात, आणि वर्षातले बरेच महिने ती अंगावर घेता येते.

मधून बाहेर शिवायचा नियम प्रत्येक गोधडीला लागू नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती कडेपासून सुरू करून मध्याकडे. त्यांचं जोडकाम आधी तयार नसतं. तुकडे थरांवर ठेवत, कड आत मुडपत, धावदोऱ्याने शिवत त्या पुढे जातात, त्यामुळे सैल पडलेलं कापड पुढच्या तुकड्याखाली सामावून जातं. कोपरे मोजून जुळवायचा प्रश्नच तिथे येत नाही. चौकोन जुळवताना फारच जीव मेटाकुटीला आला तर एक लहान आसन या पद्धतीने करून बघा. हात मोकळा होतो.

हाताचे टाके

तिन्ही थर हाताने शिवताना दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गाठी करतो आणि घर्षणाने विरतो. सुई आखूड असावी. सुरुवातीला इंचात पाच-सहा टाके पडले तरी ठीक आहे. ते सारख्या अंतराचे असावेत याकडे लक्ष द्या, बारीक आपोआप होत जातात. पहिल्या ओळीचे टाके शेवटच्या ओळीपेक्षा वेगळे दिसणार हे गृहीत धरा आणि पहिली ओळ लगेच उसवू नका. पूर्ण गोधडी झाल्यावर ती खुपत असेल तर तेव्हा काढून नव्याने घाला. तोपर्यंत हात बसलेला असतो आणि ते काम पटकन होतं. बहुतेक जणी तेव्हा ती तशीच ठेवतात.

गोधडीच्या कडेला गोट लावताना अडीच इंच रुंदीची पट्टी दुहेरी घडी करून लावा आणि कोपऱ्यावर पोहोचण्याआधी पाव इंच थांबा. बाकी ते हाताला लवकर येतं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं. दमट कापड कापलं की वाळल्यावर माप बदलतं, म्हणून कापण्याआधी इस्त्रीने पूर्ण कोरडं करा. टाचण्या, सुया, सेफ्टी पिना कामात टोचून दिवसेंदिवस ठेवू नका. गंज धरतो आणि कापडावर पडलेला तांबूस ठिपका सहज निघत नाही. या महिन्यांत पिनांऐवजी कच्चे टाके घाला. अर्धं काम प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर बुरशीचा वास येतो. सुती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. मशीनला काम झाल्यावर तेलाचा थेंब आणि वरून सुती कापड.

लोक काय म्हणतात

कोणी म्हणेल, बाजारात आठशेला तयार मिळते. कोणी मोबाइलवर परदेशातल्या रेखीव गोधडीचा फोटो दाखवेल. त्या फोटोशी तुलना करावीशी वाटली तर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जीज् बेंड गावच्या गोधड्याही शोधून बघा. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांतून त्या शिवल्या. रेषा तिरक्या, पट्ट्या कमीजास्त रुंदीच्या. २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत त्यांचं प्रदर्शन झालं आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. त्या बायकांना कापडाची जाण उत्तम होती. शिवणी पक्क्या होत्या आणि रंग कुठे ठेवायचा हे त्यांना नेमकं माहीत होतं. तिरकी रेषा आणि कच्ची शिवण यांतला फरक त्या गोधड्या बघून छान कळतो.

घरात किंवा इमारतीत गोधडी शिवलेल्या आजी, काकू असतील तर त्यांना विचारा, पण मोघम विचारू नका. "काकू, मला जमतच नाही हो" म्हटलं तर उत्तर येईल, "जमेल गं हळूहळू." त्याने धीर येतो, काम पुढे जात नाही. गोधडी उलटी करून समोर ठेवा आणि म्हणा, "काकू, इथे अस्तर का गोळा झालं असेल?" मग त्या चष्मा लावतील, बोटाने चाचपतील आणि नेमकं कारण सांगतील. क्वचित सुई हातातून काढूनही घेतील. त्या वेळी हातांकडे नीट बघा, डाव्या हाताने त्या कापड कसं धरतात तिकडे जास्त.

आणि गोधडी कोणाला देताना त्यातल्या चुका स्वतःहून दाखवत बसू नका. घेणाऱ्याला त्या दिसलेल्या नसतात.

पहिलं धुणं

गोधडी पूर्ण झाली की द्यायच्या आधी एकदा घरी धुवा. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. एकाच दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधली शिवण ताणते, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. पाऊस लागलेला असेल तर उघडीप होईपर्यंत थांबा. सुती भरण धुतल्यावर थोडं आटतं आणि अंगभर बारीक सुरकुत्या येतात. एक सुताचे सरकलेले कोपरे आणि लहानमोठे टाके त्यात मिसळून जातात. वाळल्यावर ती मांडीवर घेऊन एकेक रांग दोन्ही बाजूंनी चाचपत जा. कुठे शिवण उघडलेली सापडली तर तिथेच दुहेरी दोऱ्याने चार आडवे टाके घाला आणि ती कोणत्या तुकड्यापाशी उघडली हे त्या चिठ्ठ्यांच्या शेजारी लिहून ठेवा, पुढचे चौकोन कापताना उपयोगी पडेल.